इव्हान पावलोव्ह : कुत्र्याचे यकृत, रक्तातला अमोनिया आणि एका शास्त्रज्ञाचे आयुष्य

पावलोव्ह हे नाव ऐकले की आपल्याला घंटा आणि लाळ गाळणारा कुत्रा आठवतो. शाळेच्या पुस्तकात एवढेच असते. पण त्या प्रयोगांच्या आधी, १८९० च्या दशकात, याच माणसाने कुत्र्याच्या यकृताबद्दल एक मोठी गोष्ट दाखवून दिली होती. यकृताकडे जाणारे रक्त यकृताला टाळून थेट शरीरात गेले, तर कुत्र्याच्या मेंदूवर परिणाम होतो आणि मांस खाल्ल्यावर तो परिणाम वाढतो.

आज राजगुरुनगर किंवा चाकणमधल्या एखाद्या घरातले शिह त्झू, पग किंवा लॅब्रॅडॉरचे पिल्लू जेवल्यानंतर गुंगीत जाते, भिंतीला डोके टेकवून उभे राहते किंवा त्याला झटके येतात. डॉक्टर तपासतात आणि अमोनिया व बाइल अ‍ॅसिडची रक्ततपासणी लिहून देतात. त्या चिठ्ठीची मुळे पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेपर्यंत जातात. म्हणून या लेखात त्यांचे आयुष्य आणि या तपासण्या दोन्ही एकत्र समजून घेऊ.

धर्मगुरूच्या घरातला मुलगा

इव्हान पेत्रोविच पावलोव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी रशियातील रियाझान या गावात झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. घरात भावंडे पुष्कळ, उत्पन्न बेताचे. लहानपणी इव्हान उंचावरून पडले आणि त्यांना इतकी दुखापत झाली की शाळा बरीच उशिरा, अकराव्या वर्षाच्या सुमारास सुरू झाली. मुलानेही धर्मगुरू व्हावे अशी घरची अपेक्षा होती आणि त्यासाठी त्यांना धार्मिक विद्यालयात घातलेही. तिथे असतानाच त्यांच्या हाती विज्ञानाची पुस्तके लागली. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेचेनोव्ह यांच्या लेखनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. १८७० मध्ये त्यांनी तो मार्ग सोडला आणि सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकायला गेले.

तिथे त्सिऑन नावाचे प्राध्यापक होते. शस्त्रक्रियेत त्यांचा हात अतिशय कसलेला. पावलोव्ह यांनी त्यांच्याकडून हे कौशल्य उचलले. पुढे दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने आणि वेगाने शस्त्रक्रिया करणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती झाली. स्वादुपिंडाच्या नसांवर केलेल्या कामासाठी त्यांना विद्यार्थी असतानाच सुवर्णपदक मिळाले.

यानंतर ते वैद्यकीय शिक्षणाकडे वळले. याच काळात सुमारे दोन वर्षे त्यांनी सेंट पीटर्सबर्गच्या पशुवैद्यकीय संस्थेत साहाय्यक म्हणून काम केले. कुत्र्याच्या रक्ताभिसरणाचा अभ्यास त्यांनी इथे केला. जागा असलेला कुत्रा वेदना न होता शांत राहिला, तरच त्याच्या शरीराचे खरे काम समजते, हा त्यांचा आग्रह याच सुमारास पक्का होत गेला.

हलाखीची वर्षे

१८७९ मध्ये ते डॉक्टर झाले. प्रसिद्ध वैद्य बोटकिन यांनी त्यांना आपल्या रुग्णालयाला जोडलेली छोटी प्रयोगशाळा सांभाळायला दिली. जागा म्हणजे बागेतले एक लाकडी घर. १८८१ मध्ये सेराफिमा कार्चेव्हस्काया यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पहिली काही वर्षे फार ओढाताणीची गेली. पहिल्या वेळी गर्भपात झाला, त्यानंतर झालेला मुलगा लहानपणीच गेला. घरभाडे परवडत नसल्यामुळे नवराबायकोला काही काळ वेगवेगळे राहावे लागले. घरखर्चाला मदत व्हावी म्हणून विद्यार्थ्यांनी जमवलेले पैसेही पावलोव्ह यांनी प्रयोगाच्या प्राण्यांवर खर्च केले, असे सांगतात.

१८८४ ते १८८६ ही दोन वर्षे त्यांनी जर्मनीत हायडेनहाइन आणि लुडविग या नामवंत शास्त्रज्ञांकडे काम केले. परतल्यावरही स्थिर नोकरी मिळायला वेळ लागला. १८९० मध्ये, चाळिशी उलटल्यावर, ते लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रिया विभाग त्यांच्याकडे आला. इथे त्यांनी कुत्र्यांसाठी माणसांसारखेच निर्जंतुक शस्त्रक्रियागृह उभे केले. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्यांना बरे होण्यासाठी वेगळ्या खोल्या केल्या. त्या काळी प्राण्यांसाठी अशी सोय दुर्मीळ होती. १८९३ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी या संस्थेला देणगी दिली, त्यामुळे विभागाची इमारत वाढवता आली.

यकृताचा बायपास

आता थोडे शरीरशास्त्र पाहू. पोट, आतडी आणि प्लीहा यांतून येणारे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल शिरेतून आधी यकृतात जाते. अन्नाबरोबर आलेले पोषक पदार्थ आणि आतड्यात तयार झालेले विषारी पदार्थ यकृत वेगळे करते, बदलते, साठवते. त्यानंतरच ते रक्त मोठ्या महाशिरेतून हृदयाकडे जाते.

बायपास म्हणजे काय हे पुणे-नाशिक रस्त्यावरच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गाव चुकवून गाड्या पुढे जातात. पोर्टल शिरा आणि महाशिरा यांना जोडणारी अशीच एखादी आडवाट असली, तर रक्त यकृताला चुकवून पुढे जाते. यालाच पोर्टोसिस्टिमिक शंट म्हणतात. फरक इतकाच की गाडीने गाव चुकवले तर वेळ वाचतो, रक्ताने यकृत चुकवले तर ते न गाळलेलेच मेंदूपर्यंत पोहोचते.

ही आडवाट शस्त्रक्रियेने प्रथम तयार केली ती निकोलाय एक्क या रशियन लष्करी डॉक्टरने, १८७७ मध्ये. त्यांचा हेतू चांगला होता. यकृत कडक झालेल्या रुग्णांच्या पोटात पाणी साठते, कारण पोर्टल शिरेतला दाब वाढतो. रक्ताला दुसरी वाट दिली तर दाब कमी होईल, असा त्यांचा विचार होता. त्यांनी आठ कुत्र्यांवर प्रयोग केला. सात लवकरच दगावले. एक सुमारे अडीच महिने जगला आणि मग प्रयोगशाळेतून पळून गेला. ही जोडणी करता येते आणि प्राणी जगू शकतो, एवढ्यावर एक्क थांबले. यकृताशिवाय शरीराचे पुढे काय होते, हा प्रश्न तसाच राहिला.

मांस खाल्ले की आजार

तो प्रश्न पावलोव्ह यांनी हाती घेतला. त्यांच्या सोबत मासेन आणि हान हे सहकारी होते आणि संस्थेच्या रसायन विभागाचे प्रमुख, पोलंडचे मार्सेली नेन्स्की होते. शस्त्रक्रिया अतिशय अवघड. सुमारे साठ कुत्र्यांवर ती केली, त्यातले वीसेकच जगले. हा आकडा वाचताना आज आपल्याला अस्वस्थ वाटते आणि वाटायलाच हवे. आपल्या पिल्लाला आज जे निदान मिळते, त्याची किंमत त्या कुत्र्यांनी मोजली आहे.

जे जगले त्यांच्यात पावलोव्ह यांना विचित्र बदल दिसले. आधी गरीब स्वभावाचे कुत्रे चिडके झाले. काहींची चाल डळमळू लागली. काहींना दिसेनासे झाले. काहींना झटके आले आणि ते बेशुद्ध झाले. मांस खाल्ल्यावर हे सगळे वाढायचे. काही कुत्र्यांनी तर मांस खाणेच सोडले. १८९३ मध्ये जर्मन भाषेत हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या अवस्थेला मांसाची विषबाधा असे नाव पडले.

कारण काय? मांसातल्या प्रथिनांचे आतड्यात विघटन होते आणि अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचे युरिया बनवते आणि मूत्रपिंडे तो युरिया लघवीतून बाहेर टाकतात. रक्ताने यकृत टाळले तर हे काम होत नाही. सुरुवातीला या गटाचा संशय अमोनियाशी संबंधित दुसऱ्या एका पदार्थावर होता. नंतर १८९६ मध्ये नेन्स्की, पावलोव्ह आणि झालेस्की यांनी वेगवेगळ्या रक्तवाहिन्यांतल्या अमोनियाचे मोजमाप प्रसिद्ध केले. पोर्टल शिरेतल्या रक्तात अमोनिया खूप जास्त असतो आणि यकृत ओलांडल्यावर तो खूप कमी होतो, हे त्यातून दिसले. रक्तातला एक घटक मोजून यकृताचे काम पारखायचे, ही कल्पना इथे आकाराला आली.

माणसांमध्येही हेच घडते. यकृत निकामी होत आलेल्या रुग्णाला येणाऱ्या गुंगीला आणि भ्रमाला १९५४ मध्ये शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे नाव दिले, त्यात पोर्टल शिरेच्या या आडवाटेचाच उल्लेख आहे.

आज कुत्र्याच्या रक्तात काय पाहतात?

काही पिल्लांमध्ये ही आडवाट जन्मतःच असते. छोट्या जातींत ती बहुधा यकृताच्या बाहेर असते, लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातींत अनेकदा यकृताच्या आत. मोठ्या वयात दीर्घकाळच्या यकृतविकारामुळे पोर्टल शिरेतला दाब वाढूनही अनेक बारीक आडवाटा तयार होतात. लक्षणे अशी : वाढ खुंटणे, जेवल्यावर सुस्ती, गोल गोल फिरणे, झटके, वारंवार उलट्या, मूतखडा, भूल दिल्यावर खूप उशिरा शुद्धीवर येणे.

* अमोनिया : पावलोव्ह आणि नेन्स्की यांचा हाच घटक. वाढलेला असेल तर संशय बळावतो. पण नमुना फार नाजूक असतो. रक्त काढल्यावर नळीतच अमोनिया वाढत जातो. नमुना लगेच बर्फात ठेवून, प्लाझ्मा वेगळा करून थोड्याच वेळात तपासावा लागतो. राजगुरुनगरला रक्त काढून संध्याकाळच्या गाडीने पुण्याला पाठवले तर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. या तपासणीसाठी नमुना पाठवण्यापेक्षा कुत्र्यालाच प्रयोगशाळा असलेल्या ठिकाणी न्यावे.

* बाइल अ‍ॅसिड : यकृत पित्तातून ही आम्ले आतड्यात सोडते. काम झाल्यावर ती पोर्टल शिरेतून परत येतात आणि यकृत बहुतेक सगळी पुन्हा शोषून घेते. रक्त आडवाटेने गेले तर ती शरीरभर फिरत राहतात. म्हणून उपाशीपोटी एक नमुना आणि थोडे खायला देऊन दोन तासांनी दुसरा नमुना घेतात. जेवणानंतरचा आकडा साधारण २५ मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत असावा. शंट असलेल्या कुत्र्यात तो अनेकदा १०० च्याही वर जातो. दोन्ही नमुने हवेत, कारण एकच पाहिला तर दोष निसटू शकतो. हा घटक सीरममध्ये टिकाऊ असल्यामुळे तालुक्याच्या ठिकाणाहून नमुना पाठवायला सोयीचा आहे. मात्र अगदी लहान पिल्लाला डॉक्टरांना न विचारता रात्रभर उपाशी ठेवू नका, त्याची साखर उतरू शकते.

* युरिया, अल्ब्युमिन, साखर, कोलेस्टेरॉल : हे सगळे यकृतात तयार होते किंवा त्यावर यकृताचे नियंत्रण असते. शंटमध्ये ते कमी आढळू शकतात. युरिया जास्त आला की आपण घाबरतो, इथे तो कमी येणे ही खूण असते.

* रक्तपेशी : तांबड्या पेशींचा आकार लहान होतो. पिल्लाच्या साध्या सीबीसीमध्ये हे दिसले, तर लोहाच्या कमतरतेबरोबर शंटचाही विचार करावा.

* प्रोटीन सी : रक्त गोठण्याशी संबंधित, यकृतात बनणारे प्रथिन. जिथे ही तपासणी उपलब्ध आहे तिथे ती एका अवघड प्रश्नात मदत करते. बाइल अ‍ॅसिड वाढलेले आहे, पण मोठी आडवाट आहे की यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचाच दोष? प्रोटीन सी ७० टक्क्यांच्या खाली असेल तर आडवाटेची शक्यता जास्त, वर असेल तर सूक्ष्म दोषाची.

* एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज : हे आकडे थोडेसेच वाढलेले किंवा अगदी नॉर्मलही असू शकतात. या तपासण्या यकृताच्या पेशींना झालेली इजा आणि पित्ताचा अडथळा दाखवतात. यकृत किती काम करते ते त्या सांगत नाहीत. त्यामुळे एलएफटी नॉर्मल आली म्हणून लक्षणे असलेल्या पिल्लाचा तपास थांबवू नये.

रक्ततपासणी संशय पक्का करते, आडवाट कुठे आहे ते दाखवत नाही. त्यासाठी अनुभवी हाताची सोनोग्राफी किंवा रंगद्रव्य देऊन केलेले सीटी स्कॅन लागते. आणखी एक गोष्ट. आपल्या भागात लस न दिलेल्या पिल्लाला झटके आले तर आधी डिस्टेंपर आणि रेबीजचा विचार करावा लागतो. अल्ब्युमिन गोचीडतापातही उतरते. म्हणून एकाच आकड्यावरून घरी निदान करू नका.

उपचार चालू असताना

उपचारात लॅक्ट्युलोज, काही वेळा प्रतिजैविक आणि बदललेला आहार असतो. इथे आपल्याकडे नेमकी उलटी गोष्ट होते. पिल्लू अशक्त दिसते म्हणून घरचे त्याला कलेजी आणि मटण वाढवतात. प्रेमापोटीच. शंट असलेल्या पिल्लाला त्याच ताटाने झटके येऊ शकतात. पावलोव्ह यांच्या कुत्र्यांनी दाखवलेली हीच गोष्ट आहे. पण प्रथिने पूर्ण बंद करणेही चूक, कारण पिल्लाला वाढायचे असते. दुग्धजन्य किंवा वनस्पतिजन्य प्रथिने सहसा जास्त सोसतात. किती द्यायची ते डॉक्टर ठरवतील. माणसांतल्या यकृतविकारात तर आता प्रथिने सरसकट कमी करत नाहीत, त्यामुळे हा नियम घरातल्या रुग्णाला लावू नका.

औषधे आणि आहाराने कुत्रा सुधारला तरी बाइल अ‍ॅसिड वाढलेलेच राहते, कारण आडवाट तशीच असते. त्यावरून औषध लागू पडत नाही असे समजू नये. तेव्हा वजन, वागणे, अल्ब्युमिन, युरिया आणि अमोनिया पाहावा. शस्त्रक्रियेने आडवाट हळूहळू बंद करता येते. त्यानंतर काही महिन्यांत अल्ब्युमिन, युरिया, पेशींचा आकार आणि प्रोटीन सी वर येतात, बाइल अ‍ॅसिड खाली येते. ते किंचित वाढलेले राहिले तरी कुत्रा छान जगू शकतो. आकडे पुन्हा बिघडत गेले तर मात्र नव्या आडवाटा तयार झाल्या का, ते तपासावे लागते.

नोबेल आणि नंतरची वर्षे

यकृताचे काम पावलोव्ह यांच्या पचनसंस्थेवरील मोठ्या अभ्यासाचा एक भाग होते. द्रुझोक नावाच्या कुत्र्याच्या जठराचा एक छोटा कप्पा त्यांनी वेगळा केला आणि पाचक रस कधी, किती येतो हे मोजले. कुत्र्यांचा शुद्ध जठररस त्या काळी अपचनाच्या रुग्णांना औषध म्हणून विकलाही जात असे. पचनाच्या या कामासाठी १९०४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले रशियन. ज्या लाळेच्या प्रयोगांमुळे त्यांचे नाव घरोघरी गेले, तो विषय त्यानंतरच्या तीस वर्षांचा.

क्रांतीनंतरच्या दुष्काळात माणसे उपाशी होती, प्रयोगशाळेतली कुत्रीही मेली. १९२१ मध्ये लेनिन यांच्या सहीने पावलोव्ह यांच्या कामाला खास मदत देण्याचा आदेश निघाला. तरीही सत्ताधाऱ्यांवर उघड टीका करणे त्यांनी सोडले नाही. १९२४ च्या लेनिनग्राडच्या पुरात पिंजऱ्यांत पाणी शिरले. कुत्र्यांना पोहत बाहेर काढावे लागले. त्या भीतीने काही कुत्रे शिकलेले सारे विसरले, आणि पावलोव्ह मानसिक आघाताच्या अभ्यासाकडे वळले. १९२७ मध्ये त्यांच्यावर पित्ताशयातल्या खड्यांसाठी शस्त्रक्रिया झाली. पित्ताचा अभ्यास करणारा माणूस स्वतः पित्ताचा रुग्ण झाला होता. बरे होऊन ते पुन्हा कामाला लागले.

१९३५ मध्ये त्यांच्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचा पुतळा उभारला गेला. ज्यांच्यामुळे हे ज्ञान मिळाले त्यांच्याविषयीची ती कृतज्ञता होती. पुढच्याच वर्षी, २७ फेब्रुवारी १९३६ रोजी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय ८६.

आज तसे प्रयोग करावे लागत नाहीत. जन्मतः आडवाट असलेल्या पिल्लाचे दोन चमचे रक्तही लागत नाही, काही मिलिलिटर पुरते.

लक्षात ठेवा

* जेवल्यानंतर पिल्लू गुंगीत जात असेल, डळमळत असेल किंवा झटके येत असतील तर त्याने काय खाल्ले आणि किती वेळाने त्रास झाला ते लिहून ठेवा. शक्य असेल तर मोबाइलवर चित्रण करा.
* पिल्लू भावंडांपेक्षा फारच लहान राहिले असेल, तर नसबंदीसाठी भूल देण्याआधी डॉक्टरांना ते सांगा.
* एलएफटी नॉर्मल असली तरी बाइल अ‍ॅसिडच्या दोन नमुन्यांबद्दल विचारा.
* आहार आणि औषध स्वतःहून बदलू नका. झटका थांबत नसेल किंवा कुत्रा शुद्धीवर येत नसेल, तर वाट न पाहता जवळच्या पशुवैद्यकांकडे न्या.